चतुर्दशीचं मौन

“तळाला हे पांढरं काय राहिलंय?”

आत्तींनी फुलपात्र माझ्या नाकासमोर धरलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात. ताक पिऊन झालं होतं आणि स्टीलच्या तळाला पिठासारखी एक चकती चिकटून बसली होती.

“ताकाचंच असेल,” मी म्हटलं.

“ताक मी घुसळलंय.”

आम्ही जैन, आणि भाद्रपदातली पर्वं, म्हणजे आमचे व्रतांचे दिवस, चालू होती. दशलक्षणाचे ते दहा दिवस आत्ती एकदाच जेवत, आणि संध्याकाळी दिवस असतानाच नुसतं ताक घेत. पाणी गाळलेलं, पीठ घरच्या जात्यावरचं, आणि बाजारातली एकही वस्तू तोंडात घालायची नाही. त्याच नियमात त्यांनी हृदयाची गोळीही बसवून टाकली होती. त्यांचे ठोके मधेच चुकायचे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलं होतं. मी तसं म्हटल्यावर आत्तींचं उत्तर तयार होतं. “गोळी काय तू घरी वळलीस?”

म्हणून मी ती रोज दोन चमच्यांच्या मधे चुरडून त्यांच्या ताकात घालत होते. माहेर माझं निपाणीचं. आमच्या आईनं याला अक्कल म्हटलं असतं.

“गोळी आहे,” मी शेवटी सांगून टाकलं. “तुमच्या जिवासाठीच घातली. विष नाही घातलं.”

“पर्वं लागल्यापासनं?”

मी मान डोलावली. आत्तींनी फुलपात्र स्वतः विसळलं, ओट्यावर पालथं घातलं, पदराला हात पुसले. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, “त्रिशला, इतकी वर्षं झाली. तू या घरची कधी झालीच न्हाईस.”

आणि झोपायला गेल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमची भांडणं काही नवी नव्हती. तावातावानं बोललेलं दोघीही दुसऱ्या दिवशी चहाबरोबर गिळून टाकायचो. पण या वेळी त्या भांडत नव्हत्या. आज भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं सांगत होत्या. मला रात्रभर त्या वाक्याचा राग आला, आणि मधूनमधून ते खरं असेल का, अशी शंकाही आली.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्या दिवशी आत्तींचा निर्जळी उपवास आणि दिवसभर मौन. ते सुटणार पारण्याला, म्हणजे त्याच्या पुढच्या सकाळी. तोवर ते वाक्य परत घ्यायचं म्हटलं तरी त्यांना घेता येणार नव्हतं. त्यानंतर क्षमावाणी होतीच. त्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. आत्ती तर दूधवाल्यालाही म्हणायच्या. पण मला ती सरसकट वाटलेली क्षमा नको होती. मला माझी वेगळी हवी होती.

सकाळी श्रीमतीकाकूंबरोबर त्या बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, परत आल्या. काकू शेजारच्या, आत्तींच्या बरोबरीच्या. फाटकापाशी काकूंनी मला हात केला आणि त्या आपल्या घरी गेल्या. आत्ती माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरावरून पुढे गेल्या, मधल्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसल्या. हातात जपाची माळ. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्या की त्या अशाच बसायच्या, हलायच्या नाहीत. मीही भांडी जरा जास्तच वाजवली.

भरतेश, म्हणजे माझा नवरा, घरी नव्हता. आमचं जयसिंगपूर म्हणजे गल्ल्यांना नंबर दिलेलं गाव, आणि आमच्या गल्लीचं गणपती मंडळ याच्या मोटारपंपांच्या दुकानावर पोसलेलं. पर्वात हा सकाळी बस्तीत आणि दुपारी मंडळात; त्या दिवशी तर विसर्जनाची मिरवणूकच होती. दोन्ही देव सांभाळून असायचा.

मी एकदा पंखा लावायला खोलीत गेले. आत्तींचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग आहे का, हे मी शोधत राहिले. राग नव्हता. मायाही नव्हती. काय होतं, ते मला वाचता येईना. दुसऱ्यांदा गेले तेव्हा माळेकडे लक्ष गेलं. अंगठ्याखाली होता तोच मणी अजून अंगठ्याखाली होता. मला वाटलं, माझ्यावरच्या रागानं जपसुद्धा अडकलाय.

एरवी सामायिक झालं की त्या उठायच्या, पोथी वाचायच्या, जरा आडव्या व्हायच्या. त्या दिवशी उठल्याच नाहीत. नवा नियम धरला असेल, असं मी ठरवलं. आमच्या आत्तींचं तसंच होतं. शेजारणीनं एक उपवास धरला की यांचे दोन. शिवाय हे मौन आहे की अबोला आहे, हे कसं ओळखायचं? दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. मौन असेल तर मी मधे बोलून त्यांचं व्रत बिघडवणार. अबोला असेल तर मी का म्हणून आधी बोलायचं?

दुपार कलायला लागली तशी ढोलांचा आवाज जवळ आला. दूध मंद आचेवर ठेवून मी शेवटी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“आत्ती, बोलू नका. नुसतं ऐका,” मी म्हटलं. “चोरून घातली हे खरं. पण परत वेळ आली तर परत घालीन. तुम्ही मेलात तर तुमचं व्रत राहील, पण मी कुणाशी भांडू? आणि मी या घरची नाही म्हणता, तर माझं घर कुठलं, तेवढं तरी सांगा.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तळव्याला तळवा लागला मात्र, त्यांची बोटं मिटली. माझा हात त्यांनी धरला. घट्ट धरला.

माझा हात त्यांनी आजवर कधी धरला नव्हता. लग्नात ओटी भरताना धरला असेल तेवढाच. मला रडूच आलं. तोंडानं बोलता येत नव्हतं म्हणून हातानं बोलल्या, असंच वाटलं मला. मधे माळ होती, तिचे मणी दोघींच्या तळव्यांत रुतत होते, पण मी हात काढला नाही. बाहेर मिरवणूक आली, दारावरून गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. दाराशी असलेलं ऊन चटईपर्यंत आलं. त्या दुपारी मी जेवढी सुखात होते तेवढी त्या घरात पूर्वी कधीच नव्हते.

मग दूध करपल्याचा वास आला.

“सोडा आत्ती, दूध बघून येते.”

त्यांनी सोडला नाही. मी हसले. हात ओढला, तर मूठ आणखी आवळली. “अहो आत्ती, खरंच करपलं.” मी गुडघ्यावर उठले आणि तेव्हा मला त्यांचं पांढरं लुगडं दिसलं. खालून भिजलेलं होतं. चटईही भिजली होती. आंघोळीशिवाय पाण्याच्या कळशीला हात न लावणाऱ्या आत्ती त्या ओल्यात बसून माझ्याकडे शांतपणे बघत होत्या.

“आत्ती, मान तरी हलवा.”

काही नाही.

“आत्ती, बोला. पाप मला लागू दे. बोला.”

मी काकूंना हाका मारत सुटले, म्हणजे बसल्या जागेवरूनच, कारण हात सुटत नव्हता. काकू धावत आल्या. आत्तींचं एकेक बोट उलगडून त्यांनी माझा हात काढला. दोघींनी मिळून त्यांना उठवायला बघितलं तर दोन्ही पाय पिठाचे. काकू आत्तींचे पाय चोळायला लागल्या.

“सकाळी बस्तीतनं येतानाच पाय ओढत हुती गं,” त्या म्हणाल्या. “दोनदा अडखळली. पण मौन हाय म्हणून मी काय विचारलो न्हाई. मौनातल्या माणसाला विचारून त्याचं व्रत कशाला मोडायचं?”

निरोप गेला तसा भरतेश गुलालानं माखलेला आला. आईला उचलून गाडीत घालताना तिच्या पांढऱ्या लुगड्याला गुलाल लागला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक अडली होती. त्यानं गाडी मागं घेतली आणि पलीकडच्या गल्लीनं काढली. गाव आखून बांधलेलं आहे, एक गल्ली बंद असली की दुसरी असते. मिरजेत मात्र रस्तेच्या रस्ते माणसांनी भरले होते. मागच्या सीटवर आत्तींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी माझा हात त्यांच्या हाती दिला. त्यांनी परत घट्ट धरला. बघा, कळतंय त्यांना, असं मी भरतेशला सांगत राहिले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डॉक्टर मुजावर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “शेवटचं नीट कधी बोलल्या?”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

“आज मौन होतं त्यांचं,” मी म्हटलं.

“मौन?”

“चतुर्दशीचं. आज बोलतच नाहीत त्या.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. “हे बघा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण सुरुवात कधी झाली ते कळलं पाहिजे. वेळ उलटून गेल्यावर ते दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून विचारते. शेवटचं वाक्य कधी बोलल्या?”

“काल संध्याकाळी.”

“कुणाशी?”

“माझ्याशी.”

“शब्द स्पष्ट होते? काय बोलल्या, आठवतंय?”

भरतेश माझ्याकडे बघत होता. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं.

“तू या घरची कधी झालीच नाहीस, असं बोलल्या.”

“अडखळत?”

“नाही,” मी म्हटलं. “अगदी स्पष्ट.”

डॉक्टरांनी मान खाली घालून तेही लिहून घेतलं. सकाळी पाय ओढत होत्या, हे काकूंचं सांगणंही मी सांगितलं. त्यांनी ओठ आवळले. इंजेक्शनची वेळ निघून गेलेली होती. तरी तातडीनं मेंदूचा फोटो काढायला नेलं, आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. भरतेशच्या कानातला गुलाल तसाच होता.

“आई असं म्हणाली?” त्यानं विचारलं.

“म्हणाली.”

“का?”

“ताकात गोळी घातली म्हणून.”

त्यानं हातावरचा गुलाल पँटला पुसला. मग म्हणाला, “पण मग हात कशाला धरतीया तुझा?”

“तेच तर,” मी म्हटलं. त्या क्षणी जगात माझ्याकडे तेवढंच होतं.

फोटो आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या रेषा होत्या, सुकलेल्या वेलीसारख्या. “मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या दोन असतात,” त्या म्हणाल्या, “एक डावी, एक उजवी. त्यांना जोडणारा एक छोटा दुवाही असतो. एकीकडे अडलं तर कधीकधी दुसरीकडून रक्त फिरतं.”

“गल्लीसारखं,” भरतेश म्हणाला.

“हो, तसंच. पण यांच्यात मुळात एकच वाहिनी आहे. ती वर जाऊन दोन्हीकडे फुटते. हृदयातून निघालेली गुठळी नेमकी तिच्यात जाऊन बसली, म्हणून दोन्ही बाजू एकदम उपाशी राहिल्या.”

“एकच? म्हणजे दुसरी कधी बंद पडली?”

“बंद पडली नाही. नव्हतीच. आईच्या पोटात असल्यापासून.”

“मग इतकी वर्षं कसं चाललं हिचं?”

“छान चाललं. असे कितीतरी लोक असतात, त्यांना जन्मभर पत्ताही लागत नाही. दोष नाही हा. कुणाचं नाक वेगळं असतं, तशी कुणाची आतली ठेवण वेगळी. फक्त अशी वेळ आली तर पलीकडची गल्ली नसते.”

मला सगळं ऐकू येत होतं आणि काही कळत नव्हतं. मी विचारलं, “ताकात रोज गोळी जात होती. काल थोडी तळाला राहिली. तेवढ्यानं झालं का हे?”

“ते कुणीच सांगू शकणार नाही. गोळ्या घेऊनही होतं कधी.”

“वाचा गेली का त्यांची?”

“वाचा आहे. जीभ आहे, शब्द आहेत, तुम्हाला ओळखतही असतील. पण बोलावं, उठावं, नको म्हणावं, असं माणसाला आतून जे वाटतं ना, ते जिथून उठतं ती जागा दुखावलीय. त्यामुळे त्यांना काही करावंसंच वाटत नाहीये.”

“पण हात धरतात माझा,” मी म्हटलं. “सारखा धरतात. मी काढून घेतला तरी सोडत नाहीत.”

डॉक्टर मुजावर उठल्या. मग आम्हाला आत्तींच्या कॉटपाशी घेऊन गेल्या. आत्ती छताकडे बघत होत्या. डॉक्टरांनी खिशातला पेन काढून त्यांच्या तळव्यावर हलकेच ओढला. बोटं मिटली. पेन घट्ट धरला गेला. डॉक्टरांनी तो ओढला तशी मूठ आवळली. मग त्यांनी भरतेशला बोट द्यायला सांगितलं. त्याचंही धरलं. कॉटची चादर धरली. सलाईनची नळी हाताला लागली, तीही धरली.

“लहान बाळ धरतं बघा, तसं,” त्या म्हणाल्या. “मेंदूचा हा भाग दुखावला की ती सवय परत येते. हाताला लागेल ते धरतात, आणि सोडता येत नाही.”

मी पेनाकडे बघत राहिले. माझ्या तळव्यावर माळेच्या मण्यांचे वळ अजून होते.

“दुपारी घरी धरला,” मी म्हटलं, “तोसुद्धा असाच?”

त्यांनी पेन परत खिशाला लावला. “बहुतेक,” त्या म्हणाल्या.

बहुतेक. पुढचे कित्येक दिवस मी तो शब्द घेऊन फिरले. कधी वाटायचं, पेनाला आणि मला त्या हातानं एकाच मापात मोजलं. कधी वाटायचं, डॉक्टरही ‘नक्की’ म्हणाल्या नाहीत. रागही असाच एखाद्या शिरेतून येत असेल का? आदल्या संध्याकाळी जे बोलल्या, ते तरी त्याच बोलल्या होत्या ना? कुणाला विचारायचं? भरतेशला विचारलं तर म्हणाला, “मला मोटारीचं विचार, त्यातलं कळतं.”

क्षमावाणीला दवाखान्यात नातेवाइकांची रांग लागली. प्रत्येक जण कॉटपाशी हात जोडायचा, “आक्का, उत्तम क्षमा” म्हणायचा आणि आत्ती त्याच्याकडे बघायच्या. श्रीमतीकाकूंनी हात त्यांच्या हातात दिला, तो धरला. काकू हरखल्या. “धरला बघ माझा हात! क्षमा केली मला.” मी काकूंचा हात हळूच सोडवून दिला. त्यांचं सुख मी कशाला मोडू?

मी मात्र त्या दिवशी हात जोडले नाहीत. कुणापुढे जोडायचे, तेच कळेना.

आत्तींना घरी आणलं. भरवलं तर खायच्या, बसवलं तर बसायच्या. गोळी चुरडून ताकातच द्यावी लागायची, अख्खी गोळी त्या नुसती तोंडात धरून ठेवायच्या. मी ती आता त्यांच्या समोर चुरडायची. दाखवायची. “ही बघा, गोळी. ही बघा, घातली.” त्या बघायच्या आणि प्यायच्या. इतकं निमूटपणे प्यायच्या की मला त्यांच्या जुन्या तोंडाळपणाची आठवण यायची. या आत्तींशी भांडता येत नव्हतं.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. दिवाळी उलटून गेल्यावर एके दिवशी ती आनंदानं म्हणाली, “वहिनी, बघा!” तिनं रबरी चेंडू आत्तींच्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. चेंडू घरंगळून खाली गेला. “गेली ती सवय. आता हात सुधारतोय.”

ती गेल्यावर मी माझा हात त्यांच्या हातात ठेवला. त्यांची बोटं माझ्या हाताखाली मऊ, मोकळी पडून राहिली. धरला नाही. म्हणजे डॉक्टर बरोबर होत्या. मी हात काढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसले.

त्यानंतरची एक थंडीची सकाळ. मी गोळी चुरडली, दाखवली, ताक ढवळून फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. आता त्या स्वतः धरून पीत. प्यायल्या आणि फुलपात्र खाली करून आत बघत बसल्या. मी ते घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिलं नाही. मी ओढलं, तरी सोडेनात.

ती मूठ परत आली, असंच वाटलं मला.

“सोडा आत्ती,” मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. ओठ हलले. कित्येक दिवस न उघडलेल्या दारासारखा आवाज आला.

“तळाला राहिलंय.”

मी जागच्या जागी उभी राहिले. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि या वेळी नजरेत काय आहे ते मला वाचता आलं. मी वेंधळी आहे, असंच म्हणत होत्या त्या.

“पाणी घाल की.”

मी तांब्या आणला. ओतताना थोडं पाणी चटईवर सांडलं. आत्तींनी फुलपात्र गोल फिरवलं, तळाची चकती पाण्यात मिसळेपर्यंत फिरवलं आणि सगळं पिऊन टाकलं. परत आत बघितलं. तळ स्वच्छ होता. मग फुलपात्र त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि सोडलं.